पंडिता रमाबाई : पूर्ण शरणागतीचा धडा

बाप्तिस्मा घेणे ही एक गोष्ट आणि आपले सर्वस्व देवाच्या हाती देणे ही दुसरी. पहिलीस एक दिवस पुरतो. दुसरीस कित्येकांचे अर्धे आयुष्य लागते. पंडिता रमाबाईंसारखी विद्वत्ता आपणांपैकी थोड्यांनाच लाभेल. परंतु ज्या झगड्यातून त्या गेल्या, तो प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याच्या वाट्यास येतो.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते रमाबाईंस दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. पुढे दुष्काळ पडला. १८७४ साली वडील गेले, मागोमाग आई व वडील बहीण गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास उपाशीपोटी शेकडो कोस पायी चालले. ज्या दैवतांस सर्व काही वाहिले, त्यांजवरील दोघांचा विश्वास उडाला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी बाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली बंधू वारले, आणि १८८२ साली पतीही पटकीने गेले. पदरी लहानगी मनोरमा राहिली.

१८८३ साली बाई इंग्लंडास गेल्या. तेथे पतित स्त्रियांसाठी चालविलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. ज्यांना जग हाकलून देते त्यांची प्रेमाने सेवा होताना पाहून त्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांस प्रभूची व शोमरोनी स्त्रीची भेट सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे कोणास वाटेल की झगडा संपला. तो संपला नव्हता. बुद्धीस पटेल तेवढेच स्वीकारावयाचे, असा बाईंचा बाणा होता. तेथील भगिनींशी सिद्धांतांविषयी त्यांचा पत्रांतून पुष्कळ वाद झाला. प्रश्न विचारणे हे पाप नव्हे. देव प्रामाणिक प्रश्नास भीत नाही. उणीव निराळीच होती. त्यांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण जिवंत तारणारा अजून मिळावयाचा होता, असे पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले. स्वदेशी परतून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. काम उत्तम चालले होते, तरी अंतःकरण रितेच होते.

अशा वेळी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे इतरांस उपदेश करीत होता, आणि एके दिवशी स्वतःचाच उपदेश सांगता सांगता त्याचे परिवर्तन झाले! सुवार्तिक बंधूंनो, हे आपण विसरू नये. ते वाचून बाईंनी आपले अंतःकरण तपासले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्या योग्यतेचा सर्व भरवसा टाकून, केवळ एक पापी म्हणून त्या प्रभूच्या पायांशी आल्या. तेव्हा त्यांस शांती मिळाली.

शरण आलेल्या मनुष्याची परीक्षा लवकरच होते. सदनातील काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, म्हणून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. बाईंनी दारही लावले नाही आणि प्रार्थनाही सोडली नाही. १८९६ साली लोणावळ्याच्या सभेस त्या आपल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तेथे त्यांनी देवाजवळ पंधरांचे पंधरापट, म्हणजे सव्वादोनशे, मागितल्या.

त्याच वर्षी मध्यप्रांतात दुष्काळ पडला. व्यवहारबुद्धी सांगत होती की तू अशक्त, तुझे साधन थोडे, एवढ्या मोठ्या संकटात तू काय करणार? देवाशी आपला विरोध बहुधा अशाच शहाणपणाच्या रूपाने होत असतो. परंतु बाईंस आपली भुकेली पायपीट आठवली. त्या उठल्या व गेल्या, आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांस ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या उभारल्या. तेच मुक्तिसदन. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांपुरते दिलेले मदतीचे वचन १८९८ साली पुरे झाले. तरी १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडताच बाईंनी शेकडो अनाथांस पुन्हा दार उघडले. शरण जाणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, हे तेथे दिसून येई. मुली शेती करीत, विणीत, तेलाचा घाणा व छापखाना चालवीत.

शेवटी बाईंनी आपली विद्याही देवास वाहिली. संस्कृतात पंडितांस जिंकणाऱ्या या स्त्रीने इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, तो खेड्यातल्या बाईस समजेल अशा साध्या मराठीत पवित्र शास्त्र देण्यासाठी. वेदीवर ठेवलेली देणगी देवाने परत दिली, पण ती आता दुसऱ्यांच्या भाकरीसाठी. १९२१ साली, जिच्या हाती सर्व कार्य सोपवावयाचे ती मनोरमा वारली. आईने तोही घाव सोसून शास्त्राचे काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

वाचकहो, देवाने बाईंकडून सर्व काही एकाच दिवशी मागितले नाही. प्रथम विश्वास मागितला, मग योग्यतेचा अभिमान, मग लोकांचा आधार, मग विद्या, शेवटी लेक. आपण कोणती गोष्ट मुठीत घट्ट धरून आहोत? भाऊबंदांशी चाललेला बांधाचा तंटा, कोणाविषयीची जुनी अढी, की मंडळीतील मान? ती मूठ उघडण्यास आज रात्री, दिवा मालवण्यापूर्वी, देवाची कृपा मागू या. आमेन.