एलेन लक्ष्मी गोऱ्हे : काशीत जन्मलेली स्तोत्रकर्ती

वाराणसी, ११ सप्टेंबर : ख्रिस्ती उपासनासंगीताच्या इतिहासात ज्या थोड्या भारतीय स्त्रियांची इंग्रजी स्तोत्रे सातासमुद्रापार गायिली गेली, त्यांत एलेन लक्ष्मी गोऱ्हे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८५३ रोजी वाराणसी येथे एका मराठी कुटुंबात झाला. महाराष्ट्रात हे नाव आज फारसे कोणी घेत नाही. त्यांचे वडील नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांची विद्वत्ता मात्र अभ्यासकांना परिचित आहे.

गोऱ्हे घराणे मूळचे कोकणस्थ. बुंदेलखंडातून येऊन काशीत स्थिरावलेले. नीळकंठशास्त्र्यांचा जन्म १८२५ चा. संस्कृत शास्त्रांचे अध्ययन काशीत झाले आणि ऐन तारुण्यात त्यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथही रचला. धर्मोपदेशक विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालून त्यांना निरुत्तर करावे, या हेतूने ते त्यांच्याकडे जाऊ लागले. वादाचा शेवट निराळाच झाला. मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीतल्या शास्त्र्याने असे करणे म्हणजे घर, जात आणि गोतावळा एकाच दिवशी गमावणे होते. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या. कन्येच्या जन्मानंतर अवघ्या तीन महिन्यांत, डिसेंबर १८५३ मध्ये, त्या निवर्तल्या. आईची आठवण म्हणून मुलीजवळ राहिले ते नावातले ‘लक्ष्मी’ एवढेच.

पुढच्याच वर्षी नीळकंठशास्त्री महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत इंग्लंडला गेले. तान्ह्या मुलीला स्मेल्स नावाच्या इंग्रज कुटुंबाने आपली मानले. हे छत्रही फार दिवस टिकले नाही. १८५७ च्या उठावात स्मेल्स यांची सारी मालमत्ता बुडाली आणि मुलीचे पालनपोषण त्यांना झेपेनासे झाले. त्यानंतर रेव्हरंड डब्ल्यू. टी. स्टॉर्स या धर्मोपदेशकाच्या घरी तिला आसरा मिळाला. १८६५ मध्ये ते तिला इंग्लंडला घेऊन गेले आणि स्वतःच्या मुलांबरोबर तिला शिकवले. बारा वर्षांची होण्याच्या सुमारास तिने तीन घरे पाहिली होती. त्यांपैकी जन्मदात्यांचे घर तर तिला आठवण्याजोगेही नव्हते.

१८८० मध्ये एलेन भारतात परतल्या. त्या वेळी त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. अमृतसरमध्ये पडद्याआड राहणाऱ्या स्त्रियांत शिक्षण व धर्मसेवा हे त्यांचे काम होते. इंग्रजीत विचार करणारी, मराठी आडनावाची, काशीत जन्मलेली ही तरुणी पंजाबातल्या घराघरांत जाऊ लागली. ‘आपल्याच देशभगिनी’ असे ज्यांना म्हणायचे, त्यांच्यात ती जवळपास परकीच होती.

याच काळात, १८८३ मध्ये, त्यांचा स्तोत्रसंग्रह लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड’, म्हणजे ‘भारताच्या प्रवाळकिनाऱ्याहून’. हे शब्द तेव्हाच्या प्रत्येक इंग्रज चर्चवाल्याच्या कानांवरून गेलेले होते. पुढे कलकत्त्याचे बिशप झालेले रेजिनाल्ड हेबर यांनी १८१९ मध्ये लिहिलेल्या धर्मप्रचारगीतात ते आले होते. हेबर यांच्या गीतात दूरदेशीचे किनारे अज्ञानाच्या बेड्यांतून सोडवण्यासाठी इंग्रजांना हाका मारतात. सोडवणारा एकीकडे आणि सुटणारा दुसरीकडे, अशी ती वाटणी होती. आणि ती वरून खाली पाहणारी होती, हे आज कोणालाही जाणवेल. चौसष्ट वर्षांनी त्याच ‘किनाऱ्या’वरून जे परत गेले ते मदतीचे मागणे नव्हते, स्तुतिगीत होते. आणि ते गाण्याची वेळ इंग्रजांवर आली. काशीला प्रवाळांचा किनारा नाही, ही गोष्ट अलाहिदा. परंतु कोकणस्थांच्या मुलीला ते शीर्षक अगदीच परके म्हणता येणार नाही.

संग्रहातील एका स्तोत्राने त्यांचे नाव जगभर नेले. देवाच्या सान्निध्याच्या गुप्त आश्रयस्थानात जीव लपवावा, हा त्याचा विषय. ही कल्पना बायबलच्या स्तोत्रसंहितेतील एकतिसाव्या स्तोत्रातून येते. संकटात सापडलेला भक्त तेथे देवाचा धावा करतो, देव त्याला आपल्या आश्रयात लपवतो आणि भक्त त्याचा धन्यवाद करतो. सुटकेनंतर ओठी येणारे स्तवन ही ख्रिस्ती आणि यहुदी प्रार्थनेतील फार जुनी रीत आहे. समुद्र ओलांडून सुटलेले इस्राएली लोक प्रथम गातात. कारागृहात साखळदंडांत अडकलेले पौल आणि सीला तर सुटकेच्या आधीच मध्यरात्री गातात.

एलेन यांच्या स्तोत्राचे वेगळेपण असे की, त्यात संकटाचे वर्णन जवळजवळ नाही. उन्हाने तहानलेला जीव आहे, गार सावली आहे, निर्मळ झरा आहे. ही प्रतिमा इंग्लंडच्या हवेत सुचण्याजोगी नव्हे. गंगेकाठचा वैशाख ज्याच्या रक्तात आहे, त्याचीच ती असावी असे वाटते. शंका, दुःखे, भये त्या आश्रयात मोकळेपणी सांगता येतात, आणि तो ऐकणारा सखा नुसते गोंजारत नाही, दोषही दाखवतो. तसे न करता तर तो खोटा मित्र ठरला असता, असा त्या कडव्याचा भाव आहे. तीनदा घर बदललेल्या मुलीने चौथे घर विटांचे मागितले नाही. तिच्या सुटकेत हरवलेले काही परत मिळत नाही. आई नाही, काशी नाही, भाषाही नाही. तरीही स्तोत्रात तक्रारीचा सूर लागत नाही, आणि हा संयम उसना वाटत नाही, हेच त्याचे बळ.

अमेरिकन संगीतकार जॉर्ज स्टेबिन्स यांनी त्या स्तोत्राला चाल दिली. मूडी आणि सँकी यांच्या १८८३–८४ च्या लंडनमधील धर्मसभांत ते गायिले गेले आणि तेथून दूरवर पसरले. चीनमध्ये काम करणाऱ्या धर्मोपदेशकांत ते विशेष लोकप्रिय झाले.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनातील शंका फिटण्यास नेहेम्या गोऱ्हे यांचे लेखन कारणीभूत झाले, हे रमाबाईंनी स्वतः नोंदवले आहे. बापाची ताकद युक्तिवादात होती. ‘षड्दर्शन दर्पण’ या त्यांच्या हिंदी ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही झाला होता. मन मात्र अखेरपर्यंत संशयाने पोळलेले; एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा उभा राही. १८९५ मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे मराठी ख्रिस्ती समाजाला अभंग व कीर्तन यांच्या वळणाची स्वतःची गाणी मिळाली. एलेन यांना ती वाट उपलब्ध नव्हती. मायबोली त्यांच्या कानांवर पडायच्या वयातच घर सुटले होते. त्यामुळे गोऱ्ह्यांच्या लेकीचे स्तवन परभाषेतच राहिले.

पुढचे आयुष्य गाण्यापेक्षा कामात अधिक गेले. १८९२ पासून अलाहाबादच्या बिशप जॉन्सन अनाथालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तान्हेपणी परक्यांच्या पदरात पडलेली ही स्त्री तेथे निराधार मुलांची पालक झाली. मुलांचे जेवण, आजारपण, शाळा आणि सायंप्रार्थना हा त्यांचा नित्यक्रम होता. १८९७ मध्ये त्यांना डीकनेस म्हणून दीक्षा मिळाली. नंतर त्या कानपूरला गेल्या आणि तेथेच सेवा करीत राहिल्या. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, १९३७ मध्ये, कानपूर येथे त्यांचे निधन झाले.