गोष्टी सांगणारे साने गुरुजी

या भित्तिपत्रकासाठी मी साने गुरुजींचे चरित्र निवडले आहे. का निवडले, ते शेवटी सांगतो.

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड या गावी झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव, आईचे नाव यशोदा. घराणे मोठे होते, पण पुढे गरिबी आली. शिकण्यासाठी गुरुजींना दापोली, औंध, पुणे असे गावोगाव राहावे लागले. पुष्कळदा अर्धपोटी राहून ते शिकले. १९१७ साली त्यांची आई वारली. ते दुःख त्यांना जन्मभर पुरले. तरी शिक्षण सोडले नाही. ते एम.ए. झाले.

नंतर खानदेशात अमळनेर येथे प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांची देखभाल करू लागले. ते रागावत नसत. मुलांच्या खोल्या झाडायच्या राहिल्या तर स्वतःच झाडून काढीत. कोणी आजारी पडला तर उशाशी बसून राहात, त्याचे कपडेसुद्धा धूत. मग मुलांनाच लाज वाटे आणि ती आपोआप शिस्तीत वागत. या छात्रालयात गुरुजी हाताने लिहून एक दैनिक काढीत. त्याचे नावही छात्रालय. आपण महिन्यातून एक कागद लिहितो तर हात दुखतो म्हणतो, आणि गुरुजी रोज लिहीत!

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि देशाच्या लढ्यात उडी घेतली. इंग्रज सरकारने त्यांना पकडले. त्यांना दूर तामिळ मुलखात, त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले. तिथे निरनिराळ्या प्रांतांतले कैदी होते. सगळे एकाच देशासाठी तुरुंगात आलेले, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. गुरुजींना याचे फार वाईट वाटले. नुसते वाईट वाटून ते बसले नाहीत, तुरुंगातच दुसऱ्यांच्या भाषा शिकू लागले. तामिळ भाषेतला कुरल हा जुना ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

१९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. गुरुजी भराभर लिहून घेत. त्यामुळेच विनोबांची गीताप्रवचने आज आपल्याला वाचायला मिळतात. पुढच्या साली, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत श्यामची आई हे पुस्तक लिहिले. त्यात श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री एक गोष्ट सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात तेव्हा हरिजनांना जाऊ देत नसत. देव सगळ्यांचा, मग दार का बंद? गुरुजींनी गावोगाव हिंडून हे लोकांना विचारले. शेवटी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. दहा दिवस पोटात अन्न नव्हते. मंदिर उघडण्याचे ठरले तेव्हाच त्यांनी उपोषण सोडले.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनात विश्वभारती काढली, तशी आपल्याकडे एक जागा असावी, असे त्यांना वाटे. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा, गाणी, नाच, गोष्टी शिकाव्यात. पण ती जागा उभी राहण्याआधीच, ११ जून १९५० रोजी, गुरुजी हे जग सोडून गेले. तेव्हा ते फक्त पन्नास वर्षांचे होते.

गुरुजी गेले, पण काम थांबले नाही. प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. गावोगावच्या शाळांतून मुलांना गोष्टी सांगायच्या, एवढेच तिचे साधे काम. यदुनाथ थत्ते यांनी पुष्कळ वर्षे साधना चालवली आणि आंतरभारतीचे काम पुढे नेले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पोवाडे आणि लोकनाट्ये गावागावांत नेली. सिनेमातले निळू फुले त्याच कलापथकात तयार झाले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे.

आता मी गुरुजींनाच का निवडले ते सांगतो. आमच्या वर्गात तांड्यावरचा एक मुलगा आला. बोलताना तो चुकून त्याच्या घरचा शब्द बोलला आणि सगळा वर्ग हसला. मीपण हसलो. त्या दिवसापासून तो बोलेचना. गुरुजींचं चरित्र वाचताना त्रिचनापल्लीच्या तुरुंगाची हकिगत आली, तेव्हा मला तोच आठवला. गुरुजी दुसऱ्याची भाषा कळेना म्हणून शिकले, आणि मी हसलो होतो. मला लाज वाटली.

मी त्याला विचारलं, तुमच्यात आईला काय म्हणतात? तो म्हणाला, याडी. आमच्या घरी माय म्हणतात. शेजारच्या बाकावरचा म्हणाला, आमच्याकडे अम्मी. शनिवारी त्या मुलाने त्याच्या आजीची एक गोष्ट वर्गात सांगितली, आधी त्याच्या बोलीत आणि मग मराठीत. ह्या वेळी वर्ग हसला तो गोष्टीतल्या कोल्ह्याला.

पालकांनो, आमच्या शहागडला गोदामाई आहे. तिच्या काठावर किती तरी बोली बोलतात. तुम्हाला येत असलेली एखादी गोष्ट आम्हाला येऊन सांगा. कोणत्याही बोलीत सांगा. कळली नाही तर आम्ही विचारू, पण हसणार नाही.

इयत्ता सातवी, शहागड