दिवेलागणीची वेळ आणि गाडगेबाबा



२० डिसेंबर ही संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्यानिमित्त वांकिडीच्या आम्ही मंडळींनी बाबांच्या चरित्रातली एकच बाजू घेतली आहे, ती म्हणजे दारू.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबू. वडील झिंगराजी दारूच्या पायी होतं नव्हतं ते घालवून बसले आणि डेबू आठ वर्षांचा असताना वारले. आई सखुबाईंनी लेकराला घेऊन दापुऱ्याचं माहेर गाठलं. मामाकडे गुरं राखत, नांगर धरत पोरगा मोठा झाला. दारू काय करते, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

पुढे डेबूजींच्या मुलीचं बारसं आलं. तेव्हाच्या रीतीने भाऊबंदांना मटण आणि दारू द्यावी लागे. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते हटले नाहीत. यातली खूण आपण ओळखावी. समोर दारू ठेवून त्यांनी पाहुण्यांना संयम शिकवला नाही. दारूच पंगतीत येऊ दिली नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. दिवसा खराट्याने गाव झाडायचं, रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. कीर्तनात ते साध्या माणसांना प्रश्न विचारत आणि दारू, कर्ज, पशुबळी यांचा तोटा त्यांच्याच तोंडून वदवून घेत. १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत हाच क्रम.

कीर्तन रात्रीचंच असतं, त्यात नवल नाही. पण व्यसनी माणसाला तीच वेळ अवघड जाते. आपल्याकडे दिवसभर कापूस वेचायचा, उधारीवाल्याचं ऐकायचं, राग गिळायचा. सकाळी घेतलेली शपथ खोटी नसते. पण दिवेलागणीला मन थकलेलं असतं आणि पाय आपोआप गुडुंब्याकडे, बिडीकडे, खर्ऱ्याकडे वळतात. मनाची ताकद अशी वापरून संपते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. २०१६ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तसा परिणाम जवळजवळ दिसला नाही. वाद त्यांचा चालू द्या. संध्याकाळी एकटा पडलेला माणूस घसरतो, हे आपण गल्लीगल्लीत पाहतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्याला सोडायची आहे, त्याला सकाळी उपदेश करू नका. संध्याकाळी त्याच्या दारात जा आणि सामुदायिक प्रार्थनेला सोबत घेऊन या. घरातल्या कार्यात दारू ठेवू नका. एखाद्या दिवशी तो घसरला तर चारचौघांत बोलू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायला जा.

आणि एक काळजी घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात. ते जिवावर बेतू शकतं. त्याला आधी दवाखान्यात न्या, मग प्रार्थनेला आणा.

जय गुरुदेव.