लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि दुरुस्तीची विद्या

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावाने महाराष्ट्राला दोन किर्लोस्कर दिले. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांची आठवण आम्हां गाण्याच्या मंडळींना पदोपदी होते. दुसरे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा. कारखानदार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत; पण त्यांच्या उद्योगाचे मूळ बेळगावातील एका सायकलच्या दुकानात आहे, हे नव्या पिढीच्या फारसे ध्यानात नसते.

शाळेत लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. चित्रकलेची ओढ म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आडवा आला, तेव्हा ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. त्या काळी सायकल ही विलायती चैनीची वस्तू. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावी थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत आणि लोकांना चालवायलाही शिकवीत. अशी वस्तू मोडली म्हणजे ती विलायतेस धाडणे कोणाला परवडणार? तिची कळ गावातच कोणीतरी जाणून घ्यायला हवी होती, आणि ती या दुकानात जाणली गेली. मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

सायकलींमागून कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि मग लोखंडी नांगर. हा नांगर परदेशी नमुना समोर ठेवून केलेला होता. पण नकलेतही अक्कल लागते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आमच्या मते या नांगराचे खरे महत्त्व निराळे आहे. फाळ झिजला तर फाळ बदलावा, सबंध नांगर टाकू नये, आणि तो फाळ येथल्याच ओतशाळेतून मिळावा, ही सोय शेतकऱ्याला झाली. गरिबाच्या घरी वस्तू किती दिवस टिकते याचे उत्तर तिच्या सुट्या भागांत असते.

कारखान्याने मूळ धरले न धरले तोच नगरपालिकेच्या विस्तारासाठी त्यांना बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. तेथे त्यांनी शिवाशीव पाळू दिली नाही आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहारेकरी नेमले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा आपल्या करवीरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, १ नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. किर्लोस्कर रोड हे नाव मात्र त्या शहरात अजून आहे.

हे चरित्र आज आठवण्याचे कारण अगदी साधे आहे. जुन्या वैमानिकांच्या धाटणीची चामडी जाकिटे तरुण मंडळी हल्ली हौसेने घेतात. ती नकलेचीच असतात. त्यात कमीपणा नाही. पण अस्तर फाटले, चेन तुटली, मनगटाची विणलेली पट्टी उसवली, की नवेच घ्या असा सल्ला मिळतो. चामड्याला सुईचे भोक पडले की ते कापडासारखे बुजत नाही. म्हणून जाणता कारागीर जुन्याच भोकांतून मेणवलेला दोरा ओवतो आणि फाटलेल्या जागी आतून पातळ चामड्याचे ठिगळ चिकटवतो. पेटीचा भाता फुटला तर आम्हीही तेच करून घेतो. चार-दोन बोटांच्या चामड्याने पेटी पुन्हा श्वास घेऊ लागते.

असे हात निपाणी-अथणीकडे आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील बेळगावसह चार जिल्ह्यांना मिळून. सीमा नकाशावर पडली, आरी आणि रापी यांच्यामधून ती गेली नाही. जाकीट तेथे घेऊन जावे. अस्तर, चेन, शिवण यांचे दाम आधी निरनिराळे विचारावेत आणि जेवढे मोडले तेवढेच करून घ्यावे. काम स्वस्तात होते. मात्र घासाघीस करून ते फुकटात मागू नये. दुरुस्ती गिऱ्हाइकाला परवडली पाहिजे, तशी ती करणाऱ्याच्या घरची चूल पेटण्यापुरतीही परवडली पाहिजे. नाहीतर त्याचा मुलगा आरी खाली ठेवील, आणि मग पैसे असूनही जाकीट शिवून देणारा मिळणार नाही.

लक्ष्मणरावांच्या हाताला काळे लागलेले असे, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. आपल्या जुन्या घराण्यांनी त्यांच्यापासून घ्यायचे ते एवढेच.