न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : शास्त्रार्थ आणि न्यायदान

लेसिंग या जर्मन नाटककाराच्या नाटकाचे ‘शहाणा नेथन’ हे मराठी भाषांतर करणारे म्हणून काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव कदाचित तुमच्या वाचनात आले असेल. येथे आपण त्यांच्याकडे न्यायाधीश म्हणून पाहणार आहोत. मात्र त्यांच्यातील न्यायाधीश समजून घ्यायचा, तर आधी त्यांच्यातील वाचक समजून घ्यावा लागतो.

तेलंगांचा जन्म 30 ऑगस्ट 1850 रोजी मुंबईत झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर 1872 पासून ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. वकिली चालू असतानाच त्यांनी भर्तृहरीची शतके व ‘मुद्राराक्षस’ संपादित केले आणि भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर 1882 मध्ये मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. हस्तलिखिते ताडून पाहणे, एका श्लोकाचा अर्थ लावताना मागचापुढचा संदर्भ न सोडणे, ही शिस्त त्यांच्या अंगी येथे मुरली. 1889 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आतच होते.

आता त्या काळच्या न्यायालयातील अडचण लक्षात घ्या. हिंदूंचा वारसा, दत्तकविधान, वाटणी यांचे निर्णय धर्मशास्त्राप्रमाणे द्यायचे. पण बहुतेक न्यायाधीश इंग्रज. त्यांचा आधार म्हणजे कोलब्रुकने केलेले मिताक्षरेच्या दायविभागाचे आणि बोरोडेलने केलेले व्यवहारमयूखाचे भाषांतर. भाषांतरातील एखादे वाक्य कायद्याच्या कलमासारखे वाचले जाई. वस्तुतः ते एका दीर्घ वादाचा तुकडा असे; पूर्वपक्ष कोठे संपतो आणि सिद्धांत कोठे सुरू होतो, हे मूळ संस्कृत पाहिल्याशिवाय कळणे कठीण. तेलंग मूळ ग्रंथ उघडून बसत.

त्यांच्या पद्धतीची कसोटी लागली ती एका वाटणीच्या दाव्यात, पूर्णपीठासमोर. प्रश्न असा होता : बाप आपल्या भावांबरोबर एकत्र कुटुंबात राहतो आणि त्याला वाटणी नको आहे, अशा वेळी मुलगा वडिलोपार्जित मिळकतीत आपला हिस्सा मागू शकतो काय? बहुमताने उत्तर दिले, बापाच्या संमतीवाचून नाही. तेलंगांनी भिन्न निकालपत्र लिहिले. आजोबांच्या मिळकतीवर बाप व मुलगा यांचे स्वामित्व सारखेच असून ते जन्मानेच प्राप्त होते, हा मिताक्षरेचा सिद्धांत त्यांनी प्रमाण मानला. स्वामित्व जन्मापासून मानायचे आणि त्याचा उपयोग मात्र बापाच्या मर्जीवर सोडायचा, ही विसंगती त्यांना मान्य नव्हती. मुंबईत बहुमताचाच निकाल चालू राहिला. अन्य उच्च न्यायालयांनी मात्र तो स्वीकारला नाही.

म्हणून तेलंग केवळ अक्षराला चिकटून राहणारे होते, असा समज तुम्ही करून घेऊ नका. स्त्रीधनाच्या वारशासंबंधीच्या एका निकालात मिताक्षरा आणि मयूख यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आला. हे दोन ग्रंथ परस्परांचे शत्रू मानून एकाला पाडू नये. जेथवर सयुक्तिक असेल तेथवर दोहोंचा अर्थ जुळवून घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती. भाष्यपरंपरेत वाढलेल्या माणसालाच हे सुचावे. पुढील काळात हे तत्त्व वारंवार आधाराला घेतले गेले.

न्यायासनावर निर्भीड असलेले तेलंग घरी तितके निर्भीड नव्हते, हेही सांगितले पाहिजे. संमतिवयाच्या कायद्याचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने स्वतःच्या मुलीचा विवाह लहान वयातच केला आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

1892 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. 1 सप्टेंबर 1893 रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. न्यायाधीशपदाची जेमतेम चार वर्षे त्यांना लाभली. त्यांच्या रिकाम्या जागी त्यांचे मित्र महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली.