विठ्ठल सखाराम पागे

वैशाखात पारोळ्याच्या परिसरात फिरावे, म्हणजे कोरडवाहू रानांतील भेगा आणि बोडक्या माळांवरचा मुरूम डोळ्यांत भरतो. येथे झाडे लावावीत, हे कोणासही सुचेल. परंतु ज्याच्या घरी सायंकाळची चूल पेटण्याची शाश्वती नाही, त्याने खड्डे खणून, रोपांना दुरून पाणी घालून फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे, ते कशाच्या बळावर? हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, ते विठ्ठल सखाराम पागे.

त्यांचा जन्म १९१० साली झाला. तरुणपणी ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १९६० पासून अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. पण मानाच्या आसनावर बसूनही तासगाव तालुक्यातील भूमिहीन मजूर त्यांच्या नजरेआड झाले नाहीत. जो काम मागेल त्याला शासनाने काम दिलेच पाहिजे, असा विचार त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्याचा पहिला प्रयोग झाला.

१९७२ च्या भीषण दुष्काळाने या विचाराची निकड सर्वांना पटविली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. पुष्कळ ठिकाणी नुसती खडीच फोडली गेली, हे खरे. त्या श्रमांतून जमिनीचे फारसे भले झाले नाही.

पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. तुमच्या घरी कोणी नोकरी करीत असेल, तर त्यांच्या वेतनपत्रकात हा कर पाहा. शहरातील पगारदाराने द्यावे, शासनाने त्यात भर घालावी आणि खेड्यातील मजुराने बांध घालावेत, नाले अडवावेत, माळावर झाडे लावावीत, अशी ही रचना होती. स्त्री-पुरुषांस मजुरी सारखीच. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली देशभरासाठी असा कायदा झाला. त्याच वर्षी आफ्रिकेतील इथिओपियातही गरिबांना मजुरी देऊन उजाड डोंगर सावरण्याची मोठी योजना सुरू झाली.

१९९० साली पागे निवर्तले. त्याच वर्षी महाराष्ट्राने फळबागांची जोड रोजगार हमीस दिली. आता शेतकऱ्याला स्वतःच्याच पडीक रानात आंबा, बोर, डाळिंब लावण्यासाठी अनुदान मिळू लागले. ते तीन वर्षांत हप्त्यांनी दिले जाई. आणि ज्याची रोपे जगत, त्यालाच पुढचा हप्ता मिळे.