आप्तसंबंधाचे बंधन : न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे पिताश्री

करवीर म्हणजेच कोल्हापूर हे नगर महानुभावीयांना वंदनीय आहे, ते श्रीदत्तात्रेयप्रभूंचे नित्य भिक्षास्थान म्हणून. भिक्षार्थी गावातून अन्न स्वीकारतो, परंतु गावाचा होत नाही. संबंध असून बंधन नसणे, हे त्या भिक्षेचे मर्म होय. याच करवीरात एकोणिसाव्या शतकात एका पितापुत्रांचा असा संबंध जडला की, ज्यात प्रेमही खरे होते आणि बंधनही खरे होते. ते पुत्र म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

श्रीचक्रधरस्वामींनी आचारधर्म निरूपण करताना साधकाला तीन संबंध सोडावयास सांगितले आहेत. पहिला आपल्या देशाचा, दुसरा आपल्या गावाचा आणि तिसरा आपल्या आप्तांचा. पैकी तिसऱ्याविषयी बोलताना तो विशेषेकरून सोडावा, असा अधिक शब्द स्वामींनी योजला आहे. हा अधिक शब्द कशासाठी? देश आणि गाव जीवाला सवयीने बांधतात. आप्त मात्र प्रेमाने बांधतात. सवयीचे बंधन जीवाला बंधन म्हणून ओळखू येते. प्रेमाचे बंधन ओळखू येत नाही, कारण त्यात बांधणाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी असते. रानड्यांच्या चरित्रातून या एका शब्दाचा अर्थ उलगडतो.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत आले आणि कुटुंब करवीरवासी झाले. त्या प्रवासात रात्रीच्या वेळी लहानगा माधव बैलगाडीतून खाली पडला व कोणाच्या ध्यानीही आले नाही. मागून घोड्यावर येणाऱ्या काकांच्या हाती तो सुखरूप लागला. मूल अबोल आणि मंद भासे. दागिन्यांचा त्याला सोस नव्हता. आई गोपिकाबाई यांना तर, हे मूल पुढे पोटापुरते तरी मिळवील की नाही, अशी चिंता वाटे. आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीच्या अपत्याकडे पाहून मातापित्यांना वाटणारी ही पहिली भीती होय. गोपिकाबाई पुत्राच्या बालपणीच निवर्तल्या.

मुलाचे प्राथमिक व इंग्रजी शिक्षण कोल्हापुरातच सुरू झाले. १८५६ साली गोविंदरावांनी त्याला मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात पाठविले. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीत तो उत्तीर्ण झाला. १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एलएल. बी. या पदव्या त्याने मिळविल्या. मंद वाटणाऱ्या मुलाने कुळाचे नाव उज्ज्वल केले. पण ज्या विद्येसाठी पित्याने त्याला दूर पाठविले, तीच विद्या त्याला पित्याच्या आचारविचारांपासून दूर घेऊन गेली. विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी मुंबईत १८६६ साली मंडळ स्थापन झाले, त्यात विष्णुशास्त्री पंडितांसह माधवराव अग्रेसर होते. १८६९ साली त्या मंडळाच्या पुढाकाराने एक विधवाविवाह घडला आणि पुरस्कर्त्यांवर बहिष्कार पडला. पिता जुन्या आचाराचा, पुत्र सुधारक. तरीही पुत्राने कधी पित्याचा अधिक्षेप केला नाही, की पित्याने पुत्राला घराबाहेर काढले नाही.

मध्यंतरी १८६७च्या सुमारास माधवराव काही काळ कोल्हापुरातच न्यायाधीश होते. एका आप्ताने आपल्या दाव्यासंबंधी गोविंदरावांकरवी शब्द टाकविला. माधवरावांनी अत्यंत नम्रतेने, पण निश्चयाने, घरी बसून दाव्याचे काही ऐकण्यास नकार दिला. गोविंदरावांनीही तो नकार समजून घेतला. न्यायासनाच्या ठिकाणी हा पुत्र पित्याच्या शब्दानेही ढळला नाही, हे लक्षात ठेवावे. कारण पुढे तोच पुत्र ढळला.

ऑक्टोबर १८७३ मध्ये माधवरावांची पत्नी सखूबाई निवर्तल्या. त्या वेळी ते पुण्यास न्यायाधीश होते. वय एकतीस वर्षांचे. आता आपला पुत्र एखाद्या विधवेशी विवाह करील, या भयाने गोविंदरावांची झोप उडाली. त्यांनी तातडीने देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची अकरा वर्षांची कन्या निश्चित केली. माधवरावांनी परोपरीने विनविले. मला विवाहच नको. विधवेशीही विवाह करणार नाही, असे वचन देतो, असे त्यांनी सांगितले. भगिनी दुर्गा तरुणपणी विधवा होऊन घरात आहे, तिच्या पुनर्विवाहाचा विचार जर कोणी करीत नाही, तर माझ्याच विवाहाची घाई का, हेही त्यांनी विचारून पाहिले. या प्रश्नाला पित्यापाशी उत्तर नव्हते. परंतु उत्तर नसताना जे साधन प्रेमाच्या हाती उरते, ते त्यांनी वापरले. पुत्राने ऐकले नाही, तर आपण करवीरास निघून जाऊ आणि परस्परांचा संबंध तुटेल, असे त्यांनी कळविले. पुत्राने मान खाली घातली. डिसेंबर १८७३ मध्ये विवाह झाला. विधी आटोपताच माधवराव घरी येऊन खोलीचे दार लावून एकटेच बसून राहिले.

गोविंदराव दुष्ट नव्हते. पुत्रावर त्यांचा जीव होता, म्हणूनच तो जातीबाहेर जाईल या कल्पनेने ते व्याकूळ झाले. पण त्या व्याकूळतेचे मोल कोणी दिले? पुत्राने दिले, ज्या तत्त्वाचा त्याने जाहीर पुरस्कार केला, त्याचे आचरण करण्याची वेळ येताच तो मागे हटला, असा दोष त्याला जन्मभर सोसावा लागला. त्याहून अधिक मोल, जिला कोणी काही विचारलेही नाही त्या अकरा वर्षांच्या बालिकेने दिले. माधवरावांनी मात्र तिच्यावर राग धरला नाही. त्यांनी तिला अक्षरओळख करून दिली. हीच बालिका पुढे रमाबाई रानडे म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाची धुरा तिने वाहिली. वाईट निर्णयातून चांगले फळ निघाले, तरी त्यामुळे तो निर्णय निर्दोष ठरत नाही. ते श्रेय त्या दोघांच्या विवेकाचे आहे.

पुढे विष्णुशास्त्री पंडितांनी स्वतः विधवेशी विवाह केला. ते पुण्यास आले असता माधवरावांनी त्यांना घरी भोजनास बोलाविले. गोविंदरावांनी त्या रात्री अन्न घेतले नाही आणि सकाळी करवीरास जाण्याची तयारी केली. माधवराव पित्यासमोर कित्येक तास मुकाट्याने उभे राहिले. आपण सर्व गेलात, तर मी नोकरी सोडतो, इतकेच अखेर त्यांच्या मुखातून निघाले. पित्याचे मन द्रवले व जाणे राहिले. दोघांनाही एकमेकांवाचून राहवत नव्हते आणि एकमेकांसह राहणेही सोपे नव्हते. गोविंदराव १८७७ साली निवर्तले. माधवराव १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

लीळाचरित्रात याच जातीचा आणखी एक पिता भेटतो. भरवसाचे प्रधान विशाळदेव यांनी, हरिपाळदेवांनी रामयात्रेची इच्छा प्रकट करताच प्रथम नकार दिला. वाट परमुलखातून जाणारी होती आणि पुत्र जिवापलीकडे प्रिय होता. पण पुत्राची उदासीनता पाहून अखेर त्यांनी अनुमती दिली व सोबत लवाजमा दिला. वाटेत तो लवाजमा हळूहळू मागे राहिला आणि रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट घडली. स्वामी हे परमेश्वरावतार. त्यांची तुलना जीवाशी करणे योग्य नव्हे. परंतु विशाळदेव जीव होते, गोविंदरावही जीव होते, आणि ही तुलना पित्यांची आहे. ममता दोघांच्या ठायी सारखीच. एकाने तिच्या बळावर पुत्राला धरून ठेवले. दुसऱ्याने ती असूनही हात सैल केला.

आजही एखाद्या वासनिकाच्या घरी मुलगा किंवा मुलगी अनुसरणाची इच्छा प्रकट करते. कोठे उलट, पंथात वाढलेले अपत्य निराळी वाट धरू पाहते. दोन्ही ठिकाणी मातापित्यांच्या मुखी एकच भाषा येते: अन्न सोडण्याची, घर सोडण्याची, संबंध तोडण्याची. आप्तसंबंध विशेषेकरून सोडावा, हे वचन केवळ घर सोडणाऱ्या साधकासाठी आहे, अशी समजूत दिसते. वस्तुतः ते घरी राहणाऱ्यालाही लागू आहे. त्याने अपत्य सोडावयाचे नाही, प्रेमही सोडावयाचे नाही. प्रेमाचा धाक तेवढा सोडावयाचा. गोविंदरावांपाशी पुत्राच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, त्या क्षणी मौन पाळणे त्यांना शक्य होते. ते मौन त्यांना साधले असते, तर करवीरास जाण्याची गोष्ट काढण्याचे कारण उरले नसते.